आहेराची वही



गेल्या उन्हाळ्यात सौंसरच्या एका लग्नाची पत्रिका मोहगावला आमच्या घरी अगदी आदल्या रात्री पोहोचली. नवरदेव कोण, मला ठाऊक नव्हतं. सकाळी घाईघाईनं स्टीलचा डबा घेतला. दुकानदार म्हणाला, "नाव काय टाकू?" तेव्हा मी खिशातून पत्रिका काढून नवरदेवाचं नाव वाचलं.

घरी आलो, तर आई ताईच्या लग्नातली आहेराची वही उघडून बसली होती. नवरदेवाच्या आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं : २१ रुपये, एक लुगडं. आई म्हणाली, "त्या साली त्यांचा संत्र्याचा बगीचा वाळला होता. तरी आले." मी हातातल्या डब्याकडे पाहत राहिलो.

वहीवर जिल्हा छिंदवाडा लिहिलाय. २०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा झाला, पण ते देणं आमच्याकडेच राहिलं होतं. आपण २० देत नाही, २१ देतो. वरचा रुपया म्हणजे हिशेब मिटला नाही, येणंजाणं चालू राहील, असं जुनी माणसं सांगतात.

डब्याबरोबर आईनं एक लुगडं दिलं. मांडवात ते नवरदेवाच्या आजीच्या हाती ठेवलं, तर तिनं आधी विचारलं, "तुही माय कशी हाये?"

हल्ली पत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापतात, ते मानावं. पण अनोळखी घरची पत्रिका आली, तर दुकानात जाण्याआधी वडीलधाऱ्यांना विचारा. ती माणसं आपल्याला अनोळखी असतात, आपल्या घराला नसतात.

गणपती बाप्पा मोरया!