फोड त्वचेवर, धागा मेंदूपर्यंत

बुलस पेम्फिगॉइड हा बहुधा सत्तरीपुढचा त्वचारोग. १९५३ मध्ये वॉल्टर लीव्हर यांनी तो पेम्फिगस या फोडांच्याच दुसऱ्या रोगापासून वेगळा ओळखला. यात शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेचे थर सांधणाऱ्या बीपी १८० आणि बीपी २३० या प्रथिनांवरच उलटते; सांधा सुटतो, मधे पाणी साचते आणि टणक, ताणलेले फोड येतात. याच प्रथिनांची रूपे मेंदूतही असतात. पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांत हा रोग अधिक आढळतो; बहुतेकदा मेंदूचा विकार आधी, फोड नंतर. मेंदूतील इजेमुळे ही प्रथिने उघडी पडून प्रतिकारशक्ती चाळवत असावी, असा तर्क आहे. फोडांआधी कित्येक आठवडे नुसती खाज सुटू शकते. म्हणूनच अंथरुणाला खिळलेल्या, बोलू न शकणाऱ्या वृद्धाच्या अंगावरचे ओरखडे घरच्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना वेळीच दाखवावेत.