चलन एक, चुली वेगळ्या



१ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरियाने आपला 'लेव्ह' सोडून युरो स्वीकारला. तिथे व्यक्तीच्या उत्पन्नावर सरसकट १० टक्के कर आहे. तो दर बदलण्याची अट त्या देशाला घातली गेली नाही. कारण युरोपीय संघात करविषयक निर्णय एकमतानेच होतात. मग राष्ट्र गमावते तरी काय?

गमावते ती दोन आयुधे. व्याजदर फ्रँकफुर्टच्या मध्यवर्ती बँकेत ठरतो आणि चलनाचे अवमूल्यन करण्याची मुभा संपते. हाती उरतात कर आणि खर्च. त्यांनाही मर्यादा आहेत : तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्के, ऋण ६० टक्के.

या मर्यादा मोडणाऱ्याचे काय होते, हे ग्रीसने दाखवले. २००१ साली तो युरोत आला. २००९ साली तुटीचे खरे आकडे उघड झाले. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर झाले, ते अटींसह. मूल्यवर्धित कर त्या एकाच वर्षात १९ टक्क्यांवरून २३ वर गेला, २०१६ साली २४ झाला. कायदे अथेन्सच्या संसदेनेच संमत केले; मजकूर मात्र धनकोंच्या संमतीने ठरत होता. करसत्ता कागदावर शाबूत राहिली, व्यवहारात परक्या हाती गेली.

आयर्लंडची कथा निराळी. तिथे सरकारी ऋण माफक होते. बुडाल्या त्या बँका, आणि त्यांचा भार सरकारने शिरावर घेतला. २०१० साली मदत घेताना कंपन्यांवरील १२.५ टक्के कर वाढवण्यासाठी मोठ्या राष्ट्रांचा दबाव आला. आयर्लंड झुकला नाही. परंतु किंमत कोणी मोजली? सरकारी सेवकांचे वेतन घटले आणि २०१२ साली मूल्यवर्धित कर २१ वरून २३ टक्के झाला. उद्योगांचा दर वाचला, गृहिणीच्या पिशवीला झळ लागली.

आपल्याकडेही रुपया सर्व राज्यांचा एकच आहे. पण त्यामागे केंद्राची भक्कम तिजोरी आहे. वित्त आयोगाच्या सूत्राने दुर्बळ राज्याला वाटा मिळतो. २०१७ साली वस्तू व सेवा करासाठी राज्यांनी करसत्तेचा अंश सोडला, तेव्हा पाच वर्षांच्या भरपाईची हमी कायद्याने दिली. युरोपीय संघाचा सामाईक अर्थसंकल्प मात्र त्याच्या उत्पन्नाच्या सुमारे १ टक्काच आहे. चलन एक, चुली वेगळ्या! एकाची चूल विझली की शेजारी विस्तव देतो, पण व्याजाने आणि अटींवर.

म्हणून माझे सांगणे एवढेच : करसत्तेचे रक्षण करारातील कलमे पूर्णपणे करू शकत नाहीत. ते सुगीच्या वर्षांत होते. तिजोरीत शिल्लक टाकून आणि बँकांवर जागता पहारा ठेवून. जो देश ऋणासाठी दारोदार जातो, त्याच्या घरचा जमाखर्च शेवटी सावकारच लिहितो.