आईचा शुक्रवार

माझी आई गेली तेव्हा रात्रीचे १ वाजून ४० मिनिटे झाली होती. घड्याळ मी स्वतः पाहिले. वार शुक्रवार. आमच्यात दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला बदलतो. तेव्हा जुम्मा आदल्या संध्याकाळीच लागला होता. इंग्रजी तारीखही बाराच्या ठोक्याला पालटली होती. जुम्म्याचे मरण भाग्याचे मानतात. तेवढाच आधार.

आणि रुग्णालयाच्या छापील कागदावर तारीख गुरुवारची! डॉक्टरांनी हाताने लिहिलेल्या कागदावर मात्र शुक्रवार. दाखल्यासाठी खेटे सुरू झाले. खिडकीतला माणूस म्हणाला, "कॉम्प्युटर कसा चुकेल?"

माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, "मामू, कॉम्प्युटर नाही चुकला. त्याला प्रश्न चुकीचा विचारला." साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची एक भाषा असते, एसक्यूएल. साठ्यात वेळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात. ती आपल्या साडेपाच तास मागे. आपले १ वाजून ४० म्हणजे तिथले आदल्या रात्रीचे ८ वाजून १०. आता या भाषेत 'डेट' नावाचे फंक्शन आहे; ते तास-मिनिटे कापून नुसती तारीख हातात देते. कुणीतरी साडेपाच तास मिळवण्याआधीच ही कात्री चालवली होती. आधी मिळवायचे, मग कापायचे, एवढाच क्रम. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी 'कन्व्हर्ट टीझेड' हे वेगळे फंक्शनच आहे.

म्हणजे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात जन्मलेली मुले आणि गेलेली माणसे, सगळी आदल्या दिवसात! दिवसाच्या नोंदी मात्र बिनचूक. तपासणारा ऑफिसच्या वेळात तपासतो, त्याला सगळे ठीकच दिसणार.

साडेपाच हा आकडा तरी कुठे आकाशातून पडला? भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

दाखला शेवटी दुरुस्त होऊन आला. जुन्या नाशकातल्या आमच्या शेजारच्या काकू तो पाहून म्हणाल्या, "शुक्रवार कसा? गुरुवारी रात्री गेल्या ना त्या?" त्यांच्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. आईची आठवण त्या अजून गुरुवारीच काढतात.