जुनाट अपचन आणि जठरांतील जंतु

वांग्याचें भरीत, शेवभाजी आणि काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा यांवर खानदेशाचा जीव आहे. त्यामुळें जळगांव-धुळ्याकडे कोणाच्या पोटांत जळजळलें किंवा दोन घांसांतच पोट गच्च झालें, कीं दोष मिरचीच्या माथीं येतो. वर्षानुवर्षें खाण्याचा सोडा आणि पित्ताच्या गोळ्या चालतात. दुर्बिणीनें तपासूनहि व्रण सांपडत नाहीं. मिरचीनें जळजळ वाढते हें खरें; परंतु अशा कांहीं रोग्यांत मूळ अपराधी जठरांतील एक जंतु असतो.

ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं रॉबिन वॉरेन यांनीं १९७९ सालीं तो जठराच्या अस्तरावर पाहिला. जठराच्या तीव्र अम्लांत जंतु जगेल, हें कोणास पटेना. तेव्हां त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनीं १९८४ सालीं तो स्वतः प्राशन केला. थोड्याच दिवसांत त्यांच्या जठरास दाह झाला. २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें. हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा हा जंतु युरियापासून अमोनिया बनवितो आणि त्या योगें भोंवतालचें अम्ल निष्प्रभ करितो. बहुधा तो लहानपणींच पोटांत शिरतो.

मग सर्वांनींच औषध घ्यावें काय? नाहीं. हा जंतु पोटांत असूनहि बहुतेकांस त्रास होत नाहीं. आधीं श्वासाची किंवा शौचाची परीक्षा करावी. तत्पूर्वीं, डॉक्टरांस विचारून, अम्ल कमी करणाऱ्या गोळ्या २ आठवडे व प्रतिजैविकें ४ आठवडे बंद असावीं. नाहींतर जंतु असूनहि दिसत नाहीं. जंतु आढळल्यास डॉक्टर अम्लरोधक गोळी व दोन प्रतिजैविकें, कधीं बिस्मथहि, बहुधा १४ दिवस देतात. बरें वाटलें म्हणून मध्येंच औषध सोडल्यास जंतु निर्ढावतो; मेट्रोनिडाझोलला तर भारतांत तो पुष्कळदां जुमानीतच नाहीं. म्हणून औषध संपल्यावर ४ आठवड्यांनीं पुन्हां परीक्षा हवी.

गुण किती येतो? कारण न सांपडलेल्या अपचनाच्या सुमारें १४ रोग्यांवर उपचार केल्यास, एरवीं बरा न होणारा एक रोगी बरा होतो. आंकडा लहान खरा. परंतु त्या एकाची रोजची गोळी सुटते. शिवाय पुढें व्रणाचें व जठराच्या कर्करोगाचें भय सर्वांचेंच कमी होतें.

काळें शौच, रक्ताची उलटी, गिळतांना अडथळा किंवा वजनांत घट दिसल्यास मात्र घरगुती उपाय करीत बसूं नये. जळगांव व धुळें या दोन्ही शहरीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तेथें तत्काळ जावें. एरवींहि, मिरचीला शिक्षा करण्यापूर्वीं पुरावा तपासलेला बरा.