मालमोटारचालकाची निष्ठा व आम्ही मालक



आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण लांब पल्ल्याच्या मालमोटारींवर आहेत, आणि आमच्यासारखे काही त्या गाड्यांचे मालक आहेत. ‘चालक टिकत नाहीत, चार पैसे अधिक दिसले की निघून जातात,’ ही तक्रार आम्हीही वर्षानुवर्षे केली. परंतु अकरा वर्षे इमानाने राहिलेला आमचा चालक गतवर्षी सोडून गेला, तेव्हा आम्ही हिशेबाची वही उघडून पाहिली. खेपेचे पैसे व भत्ता चुकता होता. मात्र गाडी दुरुस्तीस उभी राहिली त्या दिवसांपुढे रकाने कोरेच! नेमणूकपत्र तर आम्ही कधी दिलेच नव्हते.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ, व लांब पल्ल्यावर फार तर दहा तासांची मर्यादा घातली होती. पण तो पाच वा अधिक कामगारांच्या उपक्रमांनाच लागू होता. आमच्या दोन गाड्या त्यातून सुटल्या, आणि आम्ही त्यात समाधान मानले. निष्ठा मात्र पुरी मागितली.

यंदापासून उभ्या गाडीच्या दिवसांचाही पगार द्यावयाचे आम्ही ठरविले आहे. त्या चालकाकडे तसा निरोप धाडला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.