चित्र रेखाटताना संगणक मंदावतो तेव्हा
(केंद्राच्या शिक्षण परिषदेतील भाषण)



शाळेतील संगणकावर नकाशा, आकृती अथवा तक्ता रेखाटावयास बसलेल्या शिक्षकांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. प्रारंभी यंत्र चपळाईने चालते, रेषा हाताबरोबर उमटते. तासाभराने मात्र रेषा माउसच्या मागाहून येऊ लागते, चित्र सरकविले की पडदा काही क्षण कोरा राहतो, आणि अखेर यंत्र थिजून बसते. मग "संगणक जुना झाला, नवा मिळाल्याखेरीज हे काम होणे नाही," असा निष्कर्ष निघतो आणि वर्गाच्या भिंतीवर नकाशा लागावयाचा राहून जातो. हा निष्कर्ष कधी कधी खराही असतो. परंतु पुष्कळदा दोष यंत्रात नसून चित्रात असतो.

एका शाळेतील उदाहरण घ्यावे. चौथ्या इयत्तेच्या मुलांसाठी गोदावरीच्या खोऱ्याचा मोठा नकाशा तेथील बाईंनी इंकस्केपमध्ये करावयास घेतला. एका जुन्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत त्यांनी पानावर आणली, "ट्रेस बिटमॅप" या सोयीने नदीच्या रेषा आपोआप काढून घेतल्या आणि डोंगरांना उठाव यावा म्हणून त्यांच्याखाली धूसर सावल्या दिल्या. नकाशा दिसावयास देखणा झाला. पण गावांची नावे लिहावयाची वेळ आली तेव्हा एक अक्षर उमटण्यास कित्येक सेकंद लागू लागले. नवा संगणक मागणारा अर्जही लिहून तयार झाला होता.

येथे मुळात काय घडत होते? इंकस्केपचे चित्र ठिपक्यांच्या रूपाने साठविलेले नसते. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वक्ररेषा काढावी, आत असा रंग भरावा, अशा सूचनांच्या रूपाने ते फाइलमध्ये असते. त्या लेखनपद्धतीस एसव्हीजी म्हणतात. ती २००१ साली मानक म्हणून मान्य झाली आणि इंकस्केपचा प्रकल्प २००३ साली सुरू झाला. चित्र सरकविले किंवा मोठे करून पाहिले, की त्या सूचना वाचून दिसणारा भाग पुन्हा रेखाटावा लागतो. हे काम इंकस्केपमध्ये मुख्यतः संगणकाचा प्रोसेसरच करतो. म्हणून केवळ नवे ग्राफिक्स कार्ड बसवून येथे फारसा लाभ होत नाही. क्रिटासारख्या रंगचित्रांच्या सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. तेथे पडद्यावर चित्र दाखविण्यास ते कार्ड उपयोगी पडते.

तेव्हा प्रथम फाइलची दुसऱ्या नावाने प्रत करावी आणि प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. मूळ फाइलवर प्रयोग करून चार दिवसांची मेहनत गमावणाऱ्यांची संख्या लहान नाही. त्यानंतर एक नवे, कोरे पान उघडून त्यावर दोन-चार रेषा ओढाव्यात. कोऱ्या पानावरही हात अडखळत असेल तर यंत्राकडे पाहावे. तेथे सर्व सुरळीत असेल तर चित्राकडे. बाईंच्या संगणकावर कोरे पान झरझर चालले. त्यांचा अर्ज तेव्हाच मागे पडला.

पुढील पायरी आउटलाइन दृश्याची. "व्ह्यू" यादीतील "डिस्प्ले मोड" येथे ते मिळते. कंट्रोल कळ धरून संख्यापट्टीवरील ५ दाबल्यासही दृश्ये क्रमाने बदलतात. त्यांतील एका दृश्यात फिल्टर तेवढे गळतात, दुसऱ्यात रंगही जाऊन नुसत्या बाह्यरेषा उरतात. फिल्टर गळताच काम चपळ झाले तर दोष सावल्यांचा समजावा. धूसरपणा देण्यासाठी प्रत्येक ठिपक्याच्या रंगात आजूबाजूच्या ठिपक्यांचे रंग मिसळावे लागतात. चित्र जितके जवळून पाहावे तितकी सावली पडद्यावर अधिक जागा व्यापते आणि गणित वाढत जाते. अक्षरे लिहिण्यासाठी बाई नकाशा मोठा करून पाहत होत्या. नेमकी त्याच वेळी खोळंबा का होई, याचे उत्तर येथे होते. सावल्या काढून डोंगरांना साधा तपकिरी रंग दिला. मागच्या बाकावरील मुलास साधा रंगच अधिक स्पष्ट दिसतो, ही गोष्ट निराळी.

तरीही थोडा जडपणा उरला. बाईंनी नदीची रेषा निवडली तेव्हा खालच्या पट्टीवर नोडांची, म्हणजे रेषेवरील बिंदूंची, संख्या दिसली. ती पाच अंकी होती! आपोआप रेषा काढणारी सोय कागदावरील डाग, शाईचे फराटे आणि घडीच्या खुणा यांनाही नदीचे वळणच समजते. "सिम्प्लिफाय" ही आज्ञा, म्हणजे कंट्रोल आणि एल, बिंदू कमी करते. पण तीच कळ घाईने पुन्हा पुन्हा दाबली तर प्रत्येक खेपेस ती अधिक जोराने छाटणी करते. बाईंकडून तसेच झाले. यंत्र हलके झाले, आणि नेवाशाजवळ प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळणारी प्रवरा नकाशावर तिच्यापासून बोटभर दूर कोरड्या जमिनीतच थांबली. असा नकाशा भिंतीवर लागला असता तर मुलांनी तोच खरा मानला असता. बाईंनी आज्ञा मागे घेतली, आपोआप निघालेली रेषा पुसली आणि पेनच्या साधनाने नदी स्वतः रेखाटली. त्र्यंबकेश्वरापासून पैठण आणि पुढे नांदेडपर्यंत शंभराच्या आत बिंदू पुरले. दोन तास गेले खरे. परंतु प्रवरा, पूर्णा, मांजरा कोठे मिळतात हे नकाशा करणाऱ्यासही त्यामुळे नीट पाहावे लागले. भिंतीवरच्या नकाशासाठी आपोआप रेषा काढण्याचा मोह टाळलेलाच बरा.

राहता राहिली खाली ठेवलेली स्कॅन प्रत. ए-४ कागद इंचास ३०० ठिपके या मापाने स्कॅन केला तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येकास चार बाइट धरले तर रॅममध्ये साडेतीन कोटी बाइटांची जागा लागते, मग डिस्कवर ती फाइल कितीही लहान दिसो. ६०० ठिपक्यांनी स्कॅन केल्यास ही जागा चौपट होते. केवळ गिरविण्यासाठी १५० ठिपके पुरेसे असतात, आणि गिरवून झाल्यावर प्रत काढून टाकावी. चित्र फाइलच्या पोटात घेतल्याने फाइल फुगते. त्याचा नुसता दुवा ठेवला तर ती हलकी राहते. मात्र पेनड्राइव्हवर नेताना ते चित्रही बरोबर न्यावयास विसरू नये.

फार वेळ काम चालले की मागे घेता येणाऱ्या क्रियांची नोंदही रॅममध्ये साचत जाते. फाइल जतन करून, बंद करून पुन्हा उघडावी. "फाइल" यादीतील "क्लीन अप डॉक्युमेंट" या आज्ञेने न वापरलेले रंगपट्टे आणि बाणांची टोके निघून जातात.

कोरे पानच मंद चालत असेल तर टास्क मॅनेजर उघडून रॅम किती भरली आहे ते पाहावे. ब्राउझरच्या दहा खिडक्या मागे उघड्या असतील तर त्या बंद कराव्यात. एवढे करूनही केवळ चित्राचे सॉफ्टवेअर चालू असता रॅम भरलेलीच राहत असेल, तर यंत्राविषयीची तक्रार रास्त आहे. तिच्या अर्जात "संगणक हळू चालतो" इतकेच लिहू नये. रॅम किती, प्रोसेसर कोणता, इंकस्केपची आवृत्ती कोणती, कोऱ्या पानावर काय झाले आणि त्या वेळी रॅम किती भरलेली होती, हे लिहून सोबत मंद चालणाऱ्या फाइलची एक प्रत जोडावी.