हृदयरोग्याची धाप आणि रक्तातील लोह
(चारकोप येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कामगार चळवळीतल्या माणसाने वैद्यकाच्या विषयावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. मी डॉक्टर नाही. कॉलेजची पायरीही मी चढलेलो नाही. जे थोडेफार वाचले ते पाळी संपल्यावर वाचनालयात बसून वाचले. परंतु युनियनच्या कामात वर्षे गेली म्हणजे माणसाला पगाराच्या पावतीइतकेच डॉक्टरांचे कागद वाचावे लागतात. रजेचा तंटा असो, हलक्या कामाची मागणी असो, की आजारपणाचा भत्ता असो, पुष्कळ प्रकरणांच्या मुळाशी माणसाचे शरीर असते. त्या कागदांनीच मला या विषयापाशी आणून सोडले.

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'अमक्याचे हार्ट फेल झाले' असे आपण म्हणतो, तेव्हा तो माणूस गेला असा आपला अर्थ असतो. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात तो प्रकार निराळा आहे. त्यात हृदय बंद पडत नाही. ते आपले काम पुरते करू शकत नाही, इतकेच. निरोगी हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. झटका येऊन गेल्याने, वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिल्याने किंवा लहानपणच्या सांधेज्वराने झडपा बिघडल्याने हा पंप दुबळा होतो. मग पायांवर सूज येते, रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही आणि थोड्या श्रमाने धाप लागते. असा माणूस औषधपाणी नीट घेऊन पुष्कळ वर्षे जगतो. प्रश्न असतो तो, कसा जगतो याचा.

चारकोपमध्ये याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने 'म्हाडा'ने येथे लहान लहान भूखंड आखून दिले, त्यांवर सोसायट्या झाल्या, बैठी घरे उभी राहिली. पुढे मुले मोठी झाली, सुना आल्या, घरावर माळा चढला आणि माळ्याला उभा लोखंडी जिना लागला. तो जिना हाच पुष्कळ घरांतला पहिला वैद्य होय. काल जो माणूस एका दमात वर जात होता तो आज मध्येच कठडा धरून उभा राहतो, हे घरच्यांना त्या जिन्यावरच प्रथम दिसते. घरचे म्हणतात, 'वय झाले.' ज्याला हृदयाचा आजार आधीच ठाऊक आहे तो म्हणतो, 'हृदयच कमजोर, आता असेच चालायचे.' येथेच आपण थांबतो, आणि येथेच थांबू नये, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

दीर्घकाळ हृदय दुबळे असलेल्या रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या शरीरात लोहाची उणीव आढळते, असे देशोदेशीच्या पाहण्यांतून दिसून आले आहे. म्हणजे त्या धापेतला काही भाग हृदयाचा असतो आणि काही भाग लोहाचा. हृदय पूर्ववत करणे नेहमी शक्य नसते. लोह मोजणे आणि भरून काढणे मात्र शक्य असते.

लोह आणि हृदय यांचा संबंध आपल्याकडे अगदीच नवा नाही. चरकसंहितेत पांडुरोगाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्या रोगाच्या पूर्वचिन्हांत हृदयाची धडधड सांगितली आहे. उपचारांत लोहाची औषधेही आहेत. याचा अर्थ कोणी आपल्या मनाने भस्मे घ्यावीत असा नव्हे. निरीक्षण जुने आहे. त्याची कारणे उलगडली ती मात्र अलीकडे.

प्रौढ माणसाच्या शरीरात लोह असते किती? अवघे तीन ते चार ग्रॅम. एका लहानशा खिळ्याएवढे! त्यातले सुमारे दोन तृतीयांश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असते आणि तेच फुप्फुसांतला प्राणवायू अंगभर पोचवते. परंतु उरलेल्यातले काही लोह स्नायूंत आणि पेशींच्या आत, जेथे अन्नापासून शक्ती तयार होते तेथे, काम करीत असते. हृदय हाही स्नायूच, आणि तोही कधी सुट्टी न घेणारा. म्हणून हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह कमी असू शकते आणि माणूस थकलेला राहू शकतो. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेले म्हणजे रक्तक्षय झाला असे जागतिक आरोग्य संघटना मानते. पण रक्तक्षय ही पुढची पायरी आहे. लोहाचा तुटवडा त्याआधीच सुरू झालेला असतो.

हा तुटवडा दोन प्रकारचा असतो. कारखान्यातल्या माणसाला तो सांगायला सोपा आहे. पहिला प्रकार म्हणजे गोदामच रिकामे. दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक: गोदामात माल आहे, पण फाटकाला टाळे! हृदय दुबळे झाले म्हणजे शरीरात एक मंद दाह चालू राहतो. त्या दाहामुळे यकृतातून हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ जास्त प्रमाणात सुटतो. या शतकाच्या आरंभी त्याचा शोध लागला. तो आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातले बाहेर पडू देत नाही. ही शरीराने शरीरावरच पुकारलेली टाळेबंदी होय. मालही आहे, कामगारही आहेत, पण यंत्रे थंड.

म्हणून केवळ हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. दोन तपासण्या आणखी लागतात. फेरिटिन म्हणजे गोदामातला साठा, आणि ट्रान्सफेरिनची संपृक्तता म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांत किती माल भरला आहे त्याचे प्रमाण. हृदयरोग्याच्या बाबतीत फेरिटिन १०० च्या खाली असेल, किंवा १०० ते २९९ च्या दरम्यान असून संपृक्तता २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोहाची उणीव मानावी, असा संकेत मोठमोठ्या संशोधनांत पाळला गेला. अलीकडे संपृक्ततेच्या आकड्याला अधिक वजन दिले जाते. येथे एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर जी 'योग्य मर्यादा' असते ती सर्वसाधारण माणसासाठी असते. फेरिटिन ५० किंवा ६० आले तर त्या कागदावर ते बिनधोक दिसेल, पण दुबळ्या हृदयाच्या रोग्यासाठी ते कमी असू शकते. तेव्हा कागद आपण वाचून घडी घालू नये. डॉक्टरांपुढे ठेवावा आणि 'माझ्या आजाराच्या दृष्टीने हे पुरेसे आहे का?' असे विचारावे.

आता आपल्या आयाबहिणी म्हणतील, 'मग हळिवाचे लाडू करू, गूळ देऊ, पालेभाजी वाढवू.' अवश्य करा, मात्र ज्याला मधुमेह आहे त्याने गोडाला आवर घालावा. जेवणावर लिंबू पिळावे, पेरू-आवळा खावा, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, म्हणजे ते वाया जात नाही. निरोगी माणसाला हे पुष्कळ आहे. परंतु ज्याच्या फाटकालाच टाळे आहे त्याच्या दारात मालाच्या गाड्या वाढवून काय होणार? २०१७ साली अमेरिकेत २२५ हृदयरोग्यांवर झालेल्या चाचणीचा निकाल आला. सोळा आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या, पण त्यांची श्रम करण्याची ताकद खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा वाढली नाही.

शिरेतून लोह दिले तर ते फाटक वळसा घालून आत जाते. २००९ साली ४५९ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. चोवीस आठवड्यांनंतर लोह मिळालेल्यांपैकी ५० टक्के रोग्यांनी आपल्याला बराच किंवा मध्यम आराम पडला असे सांगितले; ज्यांना नुसते मिठाचे पाणी दिले होते त्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. सहा मिनिटांत चालण्याचे अंतरही वाढले. त्यानंतर २०२०, २०२२ आणि २०२३ साली याहून मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचा एकंदर सूर असा की, ज्यांच्या हृदयाची पंपाची ताकद घटली आहे त्यांना बरे वाटते, चालवते, आणि पुन्हा पुन्हा रुग्णालयात जाण्याची पाळी कमी येण्याचा संभव असतो. आयुष्य वाढते हे मात्र अजून पक्के सिद्ध झालेले नाही, आणि जे सिद्ध नाही ते व्यासपीठावरून सांगू नये, असे मी मानतो. पण जिना चढता येणे, स्वतःच्या पायांनी बाजारात जाणे, ही माझ्या लेखी लहान गोष्ट नाही.

कोणी म्हणेल, मग सरळ सर्वांनाच लोह टोचून टाकावे! तसेही नाही. तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. एक, लोह गेले कोठे? हृदयरोग्याला बहुधा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात. त्यांनी पोटात थेंब थेंब रक्तस्राव होत असेल, मूळव्याध असेल, आतड्यात गाठ असेल. गळती न शोधता टाकी भरण्यात काय अर्थ? मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. ते जिवावर बेतते. दोन, थॅलेसेमियाचा अंश असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन कमी दिसते, पण लोह कमी नसते. त्याला विनाकारण लोह देणे अहिताचे. तीन, शिरेतून लोह द्यायचे ते रुग्णालयात, देखरेखीखाली. क्वचित का होईना, त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

नुसता आकडा वाढवण्याचा हव्यासही घातक ठरतो. हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या एका इंजेक्शनाची चाचणी सुमारे २,३०० हृदयरोग्यांवर झाली. २०१३ साली तिचा निकाल आला: हिमोग्लोबिन वाढले, पण मृत्यू कमी झाले नाहीत, रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत, उलट रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास वाढला. कागद सुधारला, माणूस सुधारला नाही.

रक्तक्षयाचे कारण शोधल्यावाचून उपचार करू नये, हा धडा जगाला मिळाला त्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे. १९२८ साली डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी येथे आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना होणारा एक भयंकर रक्तक्षय हा त्यांचा विषय होता. तीव्र रक्तक्षयात हृदयावर असह्य भार पडतो आणि कित्येक बाळंतिणी त्यानेच दगावतात. विल्सबाईंनी या स्त्रियांच्या आहाराचा बारकाईने शोध घेतला. ही उणीव लोहाची नव्हती. यीस्टच्या एका स्वस्त अर्काने रोगी सुधारतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजेच आज गरोदर स्त्रियांना दिले जाणारे फोलिक ॲसिड, हे पुढे १९४० नंतरच्या दशकात उलगडले. त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. एकीकडे प्रयोगशाळा, दुसरीकडे कायदेमंडळ. गिरणीतल्या बाईच्या रक्ताचा प्रश्न दोन्हीकडे एकाच वेळी मांडला जात होता. मला वाटते, तो तसाच मांडला पाहिजे.

कारण रक्तक्षय हा आजही गरिबाच्या आणि स्त्रीच्या पाठी लागलेला आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईला पुढे साठीत हृदयाचा आजार जडला, तर ती लोहाची उणीव घेऊनच त्या आजारात पाऊल टाकते. आणि तिची धाप जिन्यावर कोणी मोजत नाही. ती बसून काम करते, एवढेच लोकांना दिसते.

कामगारांच्या बाबतीत याला आणखी एक नाव मिळते: कामचुकार. झटका येऊन गेल्यावर परतलेल्या एका कामगाराला त्याच्या खात्याच्या साहेबाने सर्वांसमक्ष असे म्हटलेले मी ऐकले आहे. तो मनुष्य शंभर पावले चालून थांबत होता. त्याचे हिमोग्लोबिन साडेनऊ होते, पण तो कागद त्याच्या खिशातच राहिला होता. १९७९ साली इंडोनेशियातल्या रबराच्या मळ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तक्षय झालेले मजूर चीक कमी गोळा करीत. त्यांना सुमारे दोन महिने लोह दिले, तेव्हा त्यांचे काम धडधाकट मजुरांच्या बरोबरीला आले. माणसे तीच, मळे तेच. ज्याला आपण आळस म्हणतो तो कित्येकदा रक्तात मोजता येतो.

म्हणून हक्काचीही माहिती असावी. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राज्य विमा योजनेत, म्हणजे आपल्या ईएसआयमध्ये, साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. दीर्घ आजारांची ३४ रोगांची एक वेगळी यादी आहे. तीत हे हृदयाचे दुबळेपण येते, आणि अटी पुऱ्या होत असल्यास दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकते. कंत्राटी कामगारही या योजनेत येतो. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ मालकावर जबाबदारी पडते. कांदिवलीत ईएसआयचे रुग्णालय आहे, महापालिकेचे शताब्दी रुग्णालयही आहे. तेथे रांग मोठी असते, हे मला ठाऊक आहे. पण रांगेत उभे राहून पुढे गेल्यावर काय विचारायचे हे ठाऊक नसेल, तर सगळी रांग फुकट जाते.

तेव्हा एवढेच विचारा: माझे फेरिटिन आणि ट्रान्सफेरिनची संपृक्तता पाहिली आहे का? लोह कमी असेल तर ते कशाने कमी झाले? आणि ते गोळ्यांनी भरेल, की शिरेतून द्यावे लागेल? डॉक्टरांचा अपमान होईल अशी भीती बाळगू नका. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाने चांगल्या डॉक्टरला बरेच वाटते. आपल्या शेजारी कोणी हृदयरोगी असेल आणि त्याला वाचता येत नसेल, तर हे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्याच्या हाती द्या.